गंगाबाईची नाडी

दोन हजार एक साली तंजावुरातल्या एका नर्सिंग कॉलेजला परदेशातून खोकंभर तळहाताएवढे कंप्युटर दान आले. शिकाऊ मुलींनी खोट्या रुग्णाची नाडी मोजून त्यांच्या काचेवर प्लॅस्टिकच्या काडीने टिपायची, अशी ती योजना. प्राचार्या कनकलताबाईंनी सरस्वतीपूजेला ते देवीपुढे मांडले, काचांना चंदन-कुंकू लावलं. देवीपुढे विझलेली वस्तू कशी ठेवायची? म्हणून कंप्युटर चालूच ठेवले. पूजा उचलेपर्यंत पूजेतल्या हत्यारा-अवजारांना हात लावायचा नाही, हा तर घरोघरचा नियम. दोन दिवसांत बॅटऱ्या संपल्या आणि आत भरलेली खोट्या रुग्णाची माहिती सगळी पुसली गेली. सरस्वती पावली ती अशी!

दुसऱ्याच दिवशी शेवटची परीक्षा. बाई म्हणाल्या, "घाबरता काय? रुग्णाची माहिती पाठ करा. नाडी ऐंशी, तक्रार नाही."

पापनाशमच्या शांभवीनेही मुकाट्याने पाठ केलं. नापास झाली तर अख्खं वर्ष पुन्हा, आणि कुंभकोणमच्या दवाखान्यातली ठरलेली नोकरीही गेली.

पहिला नंबर तिचाच लागला. खाटेवर रुग्ण म्हणून कॉलेजातली आया गंगाबाई. सोंग आणायचं तर पुरतं आणावं, हा बाईंचा खाक्या. ऑपरेशनचा रुग्ण उपाशी असतो, म्हणून गंगाबाईला त्यांनी कालपासून घोटभर पाणीही दिलं नव्हतं.

शांभवीने मनगट धरलं. हात गार, घामाने ओला. नाडी एकशे चोवीस.

"बाळे, मयक्कम येतंय गे, गरगरतंय," गंगाबाई पुटपुटली. "डोळ्यांपुढं अंधार."

"सार, गंगाक्काला खरंच बरं नाही," शांभवी परीक्षकांना म्हणाली.

परीक्षक सूर्यनारायण यांनी कागदावरची नजर उचलली नाही. "तुमच्या रुग्णाला तक्रार नाही. नाडी सांगा."

एक आकडा म्हणायचा आणि सुटायचं. पण बोटांखाली ते मनगट धडधडत होतं.

"एकशे चोवीस," ती म्हणाली. मग तिने गंगाबाईला आधार देऊन व्हरांड्यात नेलं आणि साखरपाणी पाजलं. "नापास" हे तिला पाठीमागून ऐकू आलं. रडू आलं, त्याहून जास्त संताप आला. गंगाबाई मात्र हळूहळू सावरली.

आत पंचाईत झाली, खाट रिकामी. पण परीक्षा थांबते होय? "चालू द्या," सूर्यनारायण म्हणाले.

शांभवी खिडकीतून बघत राहिली. एकेक मुलगी येई, चादरीवर दोन बोटं ठेवी, मिनिटभर घड्याळ बघे आणि मेलेल्या काचेवर काडी टेकवून म्हणे, "ऐंशी, सार."

सगळ्या पास झाल्या.