ढकलणाऱ्या ओळी

महापेच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसात रुजू झाल्या झाल्या राजलक्ष्मीच्या गळ्यात एक मेथड पडली. प्रोग्रॅमचा एकच तुकडा, पण स्क्रोल करून बोट दुखावं एवढा लांब. हॉस्पिटलच्या ओपीडीची नोंदणी, टोकन, पेशंटला मेसेज, सगळं त्यातच कोंबलेलं. एक ओळ बदलली की भलतंच काहीतरी बंद पडायचं. चालतंय ना, मग हात लावू नका, असं मॅनेजर अरविंद सरांनी बजावलं होतं.

तिने हात लावलाच. एकेक काम सोडवून वेगळं काढायचं, त्याला त्याच्याच कामाचं नाव द्यायचं, टेस्ट चालवायची आणि पुढे जायचं. ‘टोकन दे’, ‘मेसेज पाठव’. हळूहळू तो गुंता वाचता येऊ लागला. शेवटी थोड्या ओळी उरल्या. त्या तिने पुन्हा वाचल्या. ज्याचा विमा नाही, त्याचा नंबर त्या गुपचूप मागे सारत होत्या. दुखणं कसलंही असो.

तिने त्या ओळींना इंग्रजीत सरळ नाव दिलं, ‘विमा नसलेल्यांना मागे ढकल’.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. “हे कसलं नाव? ‘रांग लाव’ लिही ना.”

“रांग लावणारी मेथड वेगळी आहे, सर. ही ढकलते.”

“हॉस्पिटलच्या ऑफिसनेच मागितलंय. तुला कशाला टेन्शन?”

“मागितलंय, तर नाव लपवायचं कशाला?”

“जुना कोड परत टाक. आजच.”

“मी नाही टाकणार. तुम्ही टाका, तुमच्या नावावर.”

स्वतःच्या नावावर मात्र सरांनी काही टाकलं नाही. त्यांनी तिलाच त्या कामावरून काढलं.

तिच्या जागी टीममधली प्राची आली. हॉस्पिटलची ओपीडी सांभाळणाऱ्या डॉ. राजेश्वरी नवी सिस्टीम बघायला आल्या, तेव्हा प्राचीने त्या ओळी न झाकता स्क्रीनवर उघडल्या. डॉक्टरांनी नाव मोठ्याने वाचलं. “हे आमच्याकडे चालू आहे?” दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलकडून त्या ओळी काढून टाकायचा निरोप आला.

राजलक्ष्मीचे आभार कोणी मानले नाहीत. वर्षअखेरच्या अप्रेझलमध्ये सरांनी शेरा मारला, ‘सांगितलेलं ऐकत नाही.’ खोटं काहीच नव्हतं त्यात. तिने खाली ठसठशीत सही केली.