मिशीने धरलेलं फळ

स्वयंपाकघरामागचं काचघर जेमतेम चार पावलांचं, आणि त्यावर डोळा दोघांचा. सुनेला तिथे पॅशनफ्रूटचा वेल हवा, सासऱ्यांना आरामखुर्ची. तीन वर्षं वेल नुसता पानांनी माजला, तेव्हा सासऱ्यांनी निकाल दिला, "या हंगामात एक तरी फळ धरू दे. नाहीतर वेल बाहेर, मी आत."

कळी आली तीही एकुलती एक. आज दुपारी उमलली. संध्याकाळी मिटली की खेळ खलास. काचेआड मधमाशी फिरकत नाही, तेव्हा फुलातले परागकण त्याच्याच वरच्या चिकट टोकांवर ब्रशने सुनेलाच पोचवायचे होते. ब्रश सापडला तो लेकीच्या तोंडात, चोखून चिंब! ओल्या ब्रशचा काय उपयोग? लेकीला कडेवर घेऊन ती काचघराकडे धावली आणि दारातच थबकली.

जेवून सासरे तिथेच खुर्चीत पेंगले होते. वेलाच्या दोऱ्यासारख्या तणाव्याने तेवढ्यात त्यांच्या चष्म्याच्या काडीला तीन वेढे घातले होते, कानाला एक. फूल अगदी नाकासमोर.

"बाबा, हलू नका!"

"का? साप?"

"वेल. तुम्हाला धरून बसलाय. झटका दिलात तर फूल तुटेल."

"मग सोडव की, बघत काय बसलीस!"

ती बघत होती त्यांची मिशी. कोरडी, दाट, रोज कंगवा फिरवलेली.

"बाबा, नाक जरा वर करा. हां. आता मानेनं 'नाही, नाही' म्हणा."

"नाही! मी कशाला म्हणू?"

"अस्संच! थांबू नका!"

मिशी परागांवरून फिरली, मग वरच्या चिकट टोकांवरून.

"गुदगुल्या होतायत गं! शिंक... शिंक येतेय!"

"गिळा!"

गाल फुगवून, डोळे गरगरवत सासऱ्यांनी शिंक गिळली. पिवळ्या मिशीचे आजोबा बघून नात टाळ्या पिटू लागली. मग सुनेनं नखाने तणावा खुडला.

"एवढं सोपं होतं? आधी का नाही खुडलास?"

"आधी खुडला असता तर मिशी पळाली असती."

चौथ्या दिवशी फुलाच्या जागी वाटाण्याएवढं हिरवं फळ होतं. सासऱ्यांनी आपली खुर्ची आपणच ओढत बाहेर नेली, वर सगळ्यांना दम भरला, "हळू चाला रे, आत बाळ आहे."

पुढच्या रविवारी न्हाव्याने कात्री उचलली, तसे ते खुर्चीत ताठ झाले.

"केस काप हवे तेवढे. मिशीला हात लावायचा नाही. आमचा हंगाम चालू आहे."