रिकामी खोकी

विश्वजीतचा फोन आला तेव्हा सुशीलाबाई कोथिंबीर निवडत होत्या. नोकरी गेली, हे त्याने इतक्या सहज सांगितलं, जणू छत्री बसमध्ये विसरली होती. अमेरिकेत त्या वर्षी अशा छत्र्या पुष्कळांच्या हरवत होत्या. वारज्यातल्या त्यांच्याच सोसायटीत दोन मुलं परत आली होती.

"तू काळजी करू नकोस आई, पुण्यात मिळेल काहीतरी. पण पहिला महिनाभर मी कुठे अर्जसुद्धा करणार नाही. कपाटातली माझी किट्स काढणार आणि एकेक जोडत बसणार. आहेत ना नीट?"

"आहेत की," सुशीलाबाई म्हणाल्या.

फोन ठेवून त्यांनी निवडलेली कोथिंबीर केरात टाकली आणि काड्या डब्यात भरल्या.

खोटं त्या बोलल्या नव्हत्या. होती, आणि नीटही होती. फक्त ती आता किट्स राहिली नव्हती.

विश्वजीत शाळेत असताना रशियन पुस्तकांचं प्रदर्शन भरायचं. पुस्तकं स्वस्त, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर त्याहून स्वस्त खोकी. खोक्यात प्लॅस्टिकच्या फांद्यांना लटकलेले बारीकसारीक तुकडे. ते सुटे करून जोडले की रणगाडा व्हायचा, नाहीतर मिग विमान. रंगनाथराव दरवर्षी मुलाला दोन-तीन घेऊन देत. त्यातली थोडी त्याने जोडली, बरीचशी ठेवून दिली. चांगली वस्तू मागे ठेवायची, हा त्याचा स्वभाव. ताटातलं श्रीखंडसुद्धा तो शेवटी खायचा. मग तिकडे सोव्हिएत युनियन मोडलं, खोकी यायची बंद झाली. इकडे इंजिनिअरिंग झालं, कॉम्प्युटर आला, मुलगा न्यू जर्सीला गेला. शनिवार पेठेतून वारज्याच्या फ्लॅटमध्ये खोकी आली ती तशीच, सुतळी न सोडता.

मुलगा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात गाद्यांबरोबर सुशीलाबाईंनी खोक्यांनाही ऊन दाखवलं. एकाची सुतळी कुजली होती. झाकण निघालं, फांदीवरून सुटलेली चाकं गॅलरीभर घरंगळली. ज्वारीच्या दाण्याएवढी चाकं ठेवायची कुठे? विचार करता करता त्यांच्या लक्षात आलं, रणगाड्याच्या चाकाला सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे रणगाडा. हरवू नयेत म्हणून त्यांनी ती चिकटवली. मग वरचा भाग नसताना ते बोडकं दिसायला लागलं.

त्यानंतर थांबणं झालं नाही. सूचनांचा कागद रशियनमध्ये, अर्धी अक्षरं पाठ फिरवून उभी. पण आकडे ओळखीचेच होते. नेलकटर, पॉलिश पेपर, विणायची सुई, गोंद आणि रंगांच्या चार बाटल्या एवढ्यावर त्यांचं भागलं. रिकामी फांदी निरांजनावर धरून ओढली की पाकासारखी तार सुटते, तिचा एरियल होतो, हे त्यांना कुणी शिकवलं नाही. साखरेचा पाक बघण्यात हयात गेलेल्या बाईला ते आपोआप कळलं.

रंगनाथराव पेपरावरून डोकं काढून विचारत, "आज काय, रणगाड्याची भाजी?"

"पोळ्या मिळाल्या ना तुम्हाला वेळेवर?"

"मिळाल्या. जरा हिरव्या होत्या."

अशी सगळी खोकी संपली. मुलाचं सामान आपण वापरतोय, असं सुशीलाबाईंच्या मनात कधी आलंच नव्हतं. उलट, त्याचं राहून गेलेलं काम आपण उरकतोय, असंच वाटत होतं. त्या फोननंतर मात्र सगळं उलटं दिसायला लागलं. नोकरी गमावून मुलगा घरी येणार, आणि ज्याच्या आशेवर येणार तेच आईने संपवून ठेवलेलं.

"अहो, तुम्ही सांगा ना त्याला."

"मी कशाला? या प्रकरणात माझं धोरण अलिप्ततेचं आहे," रंगनाथराव म्हणाले आणि पेपरात शिरले.

सुशीलाबाईंनी रणगाडे आणि विमानं फराळाच्या डब्यांत घालून माळ्यावर चढवली. रिकामी खोकी नव्या सुतळीने बांधून कपाटात होती तशी लावली. सांगायचं तर होतंच, पण त्याची झोप पुरी झाल्यावर, पुरणपोळी खाऊन झाल्यावर, रविवारी निवांत.

रविवारपर्यंत वेळ आली नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, कुडता घालून, विश्वजीतने कपाट उघडलं. वरचं खोकं काढलं आणि कानाशी धरून हलवलं. लहानपणी तो असंच करायचा. आत तुकडे खुळखुळले की हसायचा.

खोकं खुळखुळलं नाही.

त्याने दुसरं हलवलं. तिसरं नुसतं उचललं आणि ठेवून दिलं. "आई?"

सुशीलाबाई स्टुलावर चढल्या. एकेक डबा खाली आला, झाकणं उघडली. जेवणाच्या टेबलावर टी-५५ रणगाडा उभा राहिला, मग मिग, मग हेलिकॉप्टर, मग रॉकेटवाला ट्रक.

"ही कुणी केली?"

"मीच."

"सगळी?"

"पडून होती रे."

"पडून नव्हती. मी ठेवली होती."

"ठेवली म्हणजे काय, लोणचं आहे का मुरायला?" त्या फटकन बोलून गेल्या.

तो खुर्चीवर बसला. मग हळूच म्हणाला, "कंपनी बंद पडली ना, त्यानंतर मी घरात बसून टी-५५ जोडायचो. मनातल्या मनात. आधी चाकं, मग पट्टे. तोफेपर्यंत पोचायच्या आत बरं वाटायचं."

सुशीलाबाईंनी खुर्ची ओढली. त्या समोर बसल्या. "दुसरी नाही का रे मिळणार?"

"ज्या देशाने केली, तो देशच नाही उरला, आई."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. जरा वेळाने त्याने रणगाडा उचलून डोळ्यांजवळ नेला. "ही धूळ कसली?"

"बायपासच्या कामावरचा मुरूम. वस्त्रगाळ केला."

"आणि हा धूर?"

"काजळ."

त्याने रणगाडा फिरवून फिरवून पाहिला, जागेवर ठेवला आणि जेवायला काय आहे, म्हणून विचारलं.

पुढचे काही दिवस विषय निघाला नाही. विमानं टीव्हीवर आणि फ्रिजवर बसली, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता. विश्वजीत हिंडून येई, जेवे, झोपे. सुशीलाबाई त्याच्या आवडीचं एकेक करत होत्या आणि तो सगळं चांगलं झालंय म्हणत होता. तेच त्यांना सोसत नव्हतं.

एका दुपारी त्या भाजी घेऊन आल्या, तर विश्वजीत टेबलाशी वाकून बसलेला. समोर पेपर पसरलेला. पेपरावर मिग, आणि वैमानिकाच्या जागेवरची काच काढलेली, शेजारी वाटीत पाणी. तो टूथपेस्ट लावून फडक्याने ती घासत होता.

पिशवी तशीच जमिनीवर आली. "विशू! कुणी सांगितलं होतं तुला?"

"अगं, तू झटपट चिकटणारा गोंद लावलास. त्याच्या वाफेने काच पांढरी पडते. ही बघ, निघतंय."

"मला विचारलंस? त्या काचेच्या कडेला ब्रशचा एक केस घेऊन रेघ मारलीये मी! डोळ्यांतून पाणी आलं होतं. आणि तू खुशाल टूथपेस्ट फासतोस?"

"रेघ सोडून घासतोय."

"सोडून घास नाहीतर धरून घास. माझ्या विमानाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही!"

विश्वजीत मान वर करून बघत राहिला. "तुझ्या विमानाला? आई, हे माझं किट—"

"किट तुझं होतं. विमान माझं आहे."

हे आपणच बोललो का, असं त्यांना वाटलं. पण बोलून झालं होतं, आणि मागे घ्यावंसं वाटेना. आतल्या खोलीत रंगनाथरावांचा पेपर खाली गेल्याचा आवाज आला.

विश्वजीतने विमान उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. आत खसखशीएवढी पांढरी घड्याळं होती, प्रत्येकात काटा. "हे आतलं कधी केलंस? काचेतून काही दिसतच नव्हतं."

"काच बसवायच्या आधी दिसत होतं," सुशीलाबाई घुश्शात म्हणाल्या.

तो हसायला लागला. आल्यापासून पहिल्यांदा. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग डोळे पुसत. "मला कधीच जमलं नसतं गं हे. मी आत काळा रंग मारून सोडून दिलं असतं."

"काळा?" त्यांनी कडू औषध घेतल्यासारखं तोंड केलं. "मग बघायचं काय आत?"

त्याने घासलेली काच पाण्यात बुडवून टिपली आणि चिमटीत धरून त्यांच्यापुढे केली. रेघ जागेवर होती. काच झऱ्याच्या पाण्यासारखी झाली होती. "तुझं विमान आहे. बसव."

"कशाने?"

"कागदाच्या पांढऱ्या गोंदाने. काडीवर घे, अगदी थोडा. पण वाळेपर्यंत हाताने धरून ठेवावं लागतं."

"मग धर की," सुशीलाबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढून त्याच्या शेजारी बसल्या. "शेपटाकडून धर. आणि हसू नकोस, हलतंय."