फाटकावरची भिंगरी

शाळा सुटल्यावर मी घेत असलेल्या खेळवर्गात पहिल्या वर्षी अकराच मुलं उरली, तेव्हा मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, "सहामाहीपर्यंत चाळीस मुलं दाखवा, नाहीतर वर्गाला टाळं." वीस वर्षं मी शाळेत शिट्टी फुंकतेय. टाळं म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं.

त्या अकरांत एक भिंगरी होती. खरं नाव वेगळं, पण पायाला भिंगरी लावल्यासारखी पळायची म्हणून हे मीच ठेवलेलं. लांब उडीत तिचे दोन्ही पाय हवेत असताना मी फोटो काढला आणि खाली छापलं, 'शाळा सुटली, घरी काय करताय? खेळायला या!' दवाखाना, पिठाची गिरणी, शाळेचं फाटक, जिथे भिंत दिसली तिथे चिकटवला. घरोघर हिंडले. "खेळानं अभ्यास बुडतो," म्हणणाऱ्या बापांशी भांडले. महिन्याभरात चाळीस भरली. चाळिसांहून जास्त मुलांचा विमा मिळत नव्हता, म्हणून वरच्या तिघांना परत पाठवावं लागलं. मला आकाश ठेंगणं झालं होतं.

त्याच महिन्यात भिंगरी यायची बंद झाली. सलग दहा गैरहजेऱ्या झाल्या की नाव कमी, हा नियम माझाच. शिस्तीच्या बाबतीत मी सख्ख्या बापाचं ऐकायची नाही. तांबड्या शाईनं तिचं नाव खोडलं आणि गिरणीवाल्याच्या मुलीला घेतलं. भिंगरीच्या गल्लीत फोटो चिकटवायला दोनदा गेले, पण तिचं दार काही वाजवलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मग एका दुपारी ती फाटकाशी आली. कडेवर धाकटा भाऊ.

"बाई, आईला दुपारची पाळी होती, म्हणून याला सांभाळत होते. आता तिला सकाळची मिळालीय. उद्यापासून येऊ?"

"यादी भरली गं. नियम म्हणजे नियम. पुढच्या वर्षी बघू."

ती रडली नाही. फाटकावरच्या स्वतःच्या फोटोकडे बघत म्हणाली, "मग हा तेवढा काढाल? गल्लीतल्या मावश्या रोज विचारतात, आज किती पळालीस? मी कायतरी आकडा सांगते."

मी काढते म्हणाले, आणि आत जाऊन शिट्टी वाजवली. तीन दिवस मी मनाशी नियम घोकत राहिले. चौथ्या दिवशी लाज वाटली. मोठ्या बाईंच्या हातापाया पडून विम्यात एकेचाळिसावी जागा मिळवली आणि धावतच तिचं घर गाठलं.

आई दारातच उभी राहिली. "ती नको म्हणते, बाई. पाय दुखतात म्हणे."

"डॉक्टरांना दाखवू या का?"

आईनं आत पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पाय नाही हो दुखत तिचे. कालच भरलेली बादली घेऊन तीन जिने पळत चढली."

परतताना फाटकावरचा फोटो काढला. चांगला घट्ट चिकटवला होता मी, फाटूनच निघाला.

खेळाच्या कपाटात तिचे बूट अजून आहेत, तळाला माझ्याच अक्षरात 'भिंगरी' लिहिलेले. ते मी कुणाला देत नाही. या वयात पाय किती भराभर वाढतात, हे मला कुणी सांगायला नको. पुढच्या वर्षी ते तिलाही व्हायचे नाहीत.