पायऱ्या उतरणारा पाटील

आक्काबाईनं टीव्हीतल्या सुनेकडं बोट केलं, “हिनंच खाल्ला नवरा,” असा निकाल दिला आणि ते बोट खाली घेताना रंगुबाईच्या बाजूला जरा रेंगाळू दिलं. बायकांच्या घोळक्यात दोघी-तिघी पदराआड हसल्या. रंगुबाईनं नुसती मांडी बदलली.

आणीबाणी उठल्यावर निमोण्याच्या चावडीत सरकारी टीव्ही आला आणि गावाला शनिवारचा एक धंदा मिळाला. शिपाई पोपट लाकडी पेटीचं कुलूप काढायचा. शेतीचा कार्यक्रम लागला की माणसं तंबाखू मळत बाहेर पडायची. पण ही खुनाची मालिका लागायची त्या दिवशी दिवेलागणीलाच पुढच्या जागा धरलेल्या असत. कुठल्याशा पाटलाच्या घरातला खून, आणि त्यापायी घरातली एकेक भानगड चव्हाट्यावर. दुसऱ्याच्या घरात डोकावायचं आणि वर कुणी भांडायला येत नाही, असा सौदा गावाला पहिल्यांदाच जमला होता. विहिरीत सापडलेल्या थोरल्या पाटलाचा खून गाव दर शनिवारी त्याच्या बायकोच्या गळ्यात बांधून घरी जात होतं.

रंगुबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा तो याच गोष्टीनं. तिचा नवरा म्हस्कू काही वर्षांपूर्वी असाच विहिरीत गेला होता. बायकोच्या तोंडाला कंटाळून त्यानं उडी घेतली, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं. तिच्या बाजूनं बोलला तो एकच माणूस, थोरला दीर बबनराव. इंजिनाच्या पाइपात गाळ अडकला म्हणून भाऊ पायऱ्या उतरत होता, शेवाळावरून घसरला, मी वरून बघत होतो, असं त्यानं फौजदाराला सांगितलं. त्या एका वाक्यावर रंगुबाई गावात मान वर करून राहिली. ते वाक्य तिला इतकं हवं होतं, की उलटसुलट करून बघण्याचं कधी मनात आलं नाही. त्या उपकारापोटी तिनं आपल्या वाटणीचं भिजतं रान दिराला कसायला दिलं आणि तो घालील त्या धान्याच्या पोत्यांत घर भागवलं.

पण गाव विसरायला तयार नव्हतं. परवाच दौंडचे पाहुणे तिच्या लेकीला, नकुशीला बघून गेले. पोरगी पसंत पडली, चहा झाला, सुपारी फोडायचंही बोलणं निघालं. मग एस्टीच्या थांब्यावर त्यांना कुणी काय सांगितलं कोण जाणे. निरोप आला की, आईचे गुण लेकीत उतरतात, आम्हाला आमचा पोरगा जड झालेला नाही. तो निरोप गिळून रंगुबाई आज चावडीत बसली होती.

पडद्यावर धाकटा पाटील जबानी देत होता. दादा पाणी बघायला विहिरीत उतरला नि घसरला, असं तो डोळे पुसत सांगत होता. सांगेल तसं दिसतही होतं: दगडी पायऱ्या, आणि धोतराचा सोगा सावरत उतरणारा थोरला पाटील. पायात करकरीत कोल्हापुरी.

चावडी खदखदली. सगळ्यात आधी हसला तो पुढच्या घोंगडीवरचा बबनराव.

“हिरीत पायताण घालून कोण उतरतं रं? मंबईवाल्यांना पाण्यातल्या आसरा देवींचं भ्या न्हाई, ते न्हाई. शेवाळाचं तरी?”

“शूटिंगवाल्यांचं पाय पोळत आसत्याल, आप्पा,” पोपट म्हणाला.

“आपल्यातलं शेंबडं पोरगंबी वर काढून ठिवतं. समदी जबानी खोटी त्याची.”

मग जो तो आपल्या विहिरीचं सांगू लागला. आक्काबाईनंही आपल्या सासऱ्याचा दाखला दिला.

रंगुबाईचे हात मांडीवर होते. बोटं काहीतरी घट्ट बसलेलं सोडवत असल्यासारखी हलत होती. त्यांच्या घरात सून थोरल्या दिरापुढं बोलत नसे. मीठ हवं असलं तरी लेकरामार्फत मागायची रीत होती. तिनं पदर नीट केला आणि ती उभी राहिली.

“भावजी.”

बायका आधी वळल्या, मग पुरुष.

“आपल्यातलं कुणी पायताण घालून हिरीत उतरत न्हाई, न्हवं?”

“न्हाई म्हंजी न्हाईच,” बबनरावाच्या तोंडावर हसू तसंच होतं.

“तुमचा भाऊबी न्हाई.”

“त्यो तर लई पाळायचा...” तो म्हणाला.

“बाजंवर आणून ठिवलं तवा त्येंच्या पायात व्हाना हुत्या. दोन्ही. पाय फुगलं हुतं, निघंनात. मीच इळ्यानं वाद्या कापल्या.” तिचा आवाज चढला नव्हता. “तुम्ही वरनं बघत हुता. कुठल्या पायरीवरनं घसरलं म्हनायचं?”

पोपटानं हात लांबवून टीव्हीचा आवाज बारीक केला. पडद्यावरचा फौजदार मुक्यानंच कुणाला तरी दरडावत राहिला. आक्काबाईच्या अडकित्त्यात सुपारी धरलेली तशीच राहिली.

बाईमाणसानं चावडीत बोलायचं म्हणजे आता काय राहिलं, असं काहीसं पुटपुटत बबनराव उठला. त्यानं पटका डोक्यावर दाबला आणि दाराकडं वळला. चावडी दाटून भरलेली होती. एरवी तो उठला की माणसं न सांगता पाय आखडून घेत.

त्यानं एक पाऊल उचललं आणि ते टेकायला जागा शोधत तो उभा राहिला. कुणी पाय आखडला नाही.