पोटभर जेवणाऱ्या सुना

२००६च्या मे महिन्यात अंकिता दौंड तालुक्यातल्या राहू गावी घरी आली ती फॉर्मची पिशवी खांद्याला अडकवूनच. पुण्याच्या तिच्या कॉलेजनं विद्यार्थ्यांच्या संशोधनासाठी सहा मुलं निवडली होती, त्यांत ती एकटीच खेड्यातली. विषय होता गरोदर बायांचं आरोग्य आणि त्यांचे हक्क. तिच्या वडिलांनी, तात्याबांनी, ही बातमी पारावर बसून गावभर केली.

कॉलेजातल्या मॅडमनी एकच गोष्ट बजावली होती, बाईला एकटीला विचारायचं. पण ज्यांना काकू-मावशी म्हणत वाढली, त्या सासवांना 'जरा बाहेर बसा' म्हणणार कसं? मग सून दाराआड उभी राहायची, उत्तरं सासू द्यायची आणि अंकिता खुणा करायची. आठ दिवसांत एकोणचाळीस घरं उरकली. पोटभर जेवता का? सगळीकडं हो.

चाळिसावा फॉर्म तिनं घरीच, जेवता जेवता भरला. सात महिन्यांची गरोदर वहिनी, म्हाळसा, चुलीपुढं भाकरी थापत होती.

"वैनी, पोटभर जेवता न्हवं?"

"तिला काय कमी हाय?" आई, गिताबाई, मध्येच म्हणाली. "दोन जिवांची हाय, खाती की. तू खा, अभ्यासानं पार वाळलीयास."

तिनं टोपल्यातली शेवटची भाकरी लेकीच्या ताटात टाकली. अंकितानं डाव्या हातानं खूण केली आणि भाकरी मोडली.

त्यानंतर चौथ्या दिवशी म्हाळसा हौदापाशी चक्कर येऊन पडली. अंकिताच्या भावानं, संपतनं, तिला जीपमध्ये घालून दौंडला नेलं. बाई वाचली, बाळ गेलं. अंगात रक्तच नव्हतं.

"रोज काय खाता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"समदं खाती..." गिताबाईनं सुरू केलं.

"तुम्ही नाही. त्यांना बोलू द्या."

म्हाळसा छताकडं बघत म्हणाली, "समद्यांचं झाल्यावर उरंल त्ये."

"आणि नाही उरलं तर?"

तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. अंकिताला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. रीत जुनी होती खरी, पण त्या रीतीवर शिक्का मारायला घरातलीच शिकलीसवरली पोर आली होती.

पुण्याला जाऊन तिनं मॅडमना सांगितलं, "चाळीसच्या चाळीस फॉर्म खोटे आहेत. मीच खोटे भरलेत."

मॅडम रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "मग पुन्हा जा," एवढंच त्या म्हणाल्या आणि कोरे फॉर्म पुढं केले.

गावात उतरल्यावर ती आधी आपल्याच घरात शिरली.

"आई, तू जरा वट्यावर बस."

"माझ्याच घरातनं मला भाईर काढतीस? घरातलं चवाट्यावर मांडायला शिकलीस व्हय?"

"व्हय. बस भाईर."

गिताबाई पुटपुटत बाहेर गेली. अंकितानं दार लोटलं. म्हाळसा वाकळेवर पडून होती. अंकितानं फॉर्म काढला.

"वैनी, तुम्ही पोटभर..."

"खरं सांगू, ताई?" म्हाळसानं विचारलं. "का कागदापुरतं?"

अंकितानं मान खाली घातली.

"खरं सांगा," ती म्हणाली. "आन् माझ्यापासनं सुरू करा."