बोंबलाचे गुडघे

कोपरच्या मैदानातल्या मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर साक्षात क्वांटम महाराज! अंगात रेशमी झब्बा, कानात ब्लूटूथ, पुढ्यात लॅपटॉप. लॅपटॉपच्या वायरीला एक पितळी दांडी. ती मुठीत धरायची, की म्हणे पेशींची कंपनं ए.आय.ला कळतात आणि सगळे आजार स्क्रीनवर हजर. मग ‘चार्ज’ केलेलं पाणी प्यायचं, पुन्हा दांडी धरायची, आजार गायब!

"माऊली, तुमच्या शरीराचं वायफाय बिघडलंय," महाराज माइकवर गरजले. "डॉक्टर गोळ्या देतात, मी राउटर रिस्टार्ट करतो!"

टाळ्यांचा कडकडाट. ज्यांना वायफाय कळत नव्हतं, त्यांनी जरा जास्तच वाजवल्या.

कल्पिताच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेलेली. ती मानपाड्याच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायची आणि घरी सासूला, बायजाला, रोज इन्सुलिन टोचायची. परवा या मशीनने बायजाची साखर नॉर्मल दाखवली, आणि म्हातारीने सुई बंद केली. घरच्या मीटरवर आकडा चारशेच्या वर, तोंडाला कोरड, अंगात त्राण नाही. पण ऐकेल तर शपथ.

"आई, जिवावर बेतेल हो! डॉक्टरांकडे चला."

"पोरांना कंप्युटर शिकवतेस, आन तुजाच कंप्युटरवर भरोसा नाय?"

कल्पिताला रडूच फुटायचं बाकी होतं. "बरं, आज पुन्हा तपासू. फक्त मी सांगेन तसं गप बसायचं. मग तुम्ही म्हणाल ते."

म्हातारी कबूल झाली.

दुसऱ्यांची कंपनं मिसळू नयेत म्हणून महाराजांनी पेशंटला पडद्याआड बसवायची टूम काढली होती. दोघी वायरीची दांडी घेऊन आत बसल्या. बाहेरून वय, उंची, वजन विचारलं गेलं. कल्पिताने बायजाचं सांगितलं. दांडीला पेशी कळतात, मग वय कशाला विचारतात, हा किडा तिच्या डोक्यात परवापासून वळवळत होता. तिने पिशवीतून सकाळीच बाजारातून आणलेला ताजा, पाणीदार बोंबील काढला आणि दांडी सरळ त्याच्या तोंडात खुपसली. बायजाचे डोळे बटाट्याएवढे झाले.

"वा! काय घट्ट धरलीय! भक्ती आहे!" पडद्यापलीकडून महाराज म्हणाले. "हां... गुडघ्यांची झीज झालीय. घरच्यांचं टेन्शन फार घेता. पण पाण्याचा गुण बघा, साखर एकदम नॉर्मल!"

मांडवात जयजयकार झाला. आणि पडदा फाडकन बाजूला झाला. बायजा उभी होती, हातात शेपटीला धरलेला बोंबील.

"अरं ए म्हाराजा! याचं गुडघं कंचं, ते दाखव मना!"

 असा हशा उसळला की मांडवाचे बांबू हलले.

"माऊली, माशातही जीव असतो..."

"बाजारातला हाय रं! कवाच मेलाय!"

महाराज लॅपटॉप मिटायला धावले, पण कल्पिता आधी पोचली. तिने स्क्रीन लोकांकडे फिरवली. "बघा, ही दांडी फक्त ओलं काही टेकलंय का एवढंच ओळखते. घामेजला हात काय, बोंबील काय! आजार येतात ते टाइप केलेल्या वय-वजनावरून." तिने बोंबलाचं वय सहा केलं, गुडघे बरे झाले, दातांना कीड लागली. "आणि हा चौकोन. ‘पाणी घेतलं’ यावर टिक केली, की लाल आकडे हिरवे." टिक काढली. बोंबलाला मधुमेह झाला.

लोक हसत होते, पण बायजा खुर्चीत मटकन बसली. "मंग माजी साखर गेली नाय?"

"नाही, आई."

"मना वाटलं, सुटले त्या सुईतून." तिचे डोळे भरले.

कल्पिताने तिला घट्ट जवळ घेतलं. सुईला कंटाळणं यात मूर्खपणा कसला? कंटाळलेल्या माणसालाच असले भामटे नेमके हेरतात. म्हणून सांगतो बाबांनो, यंत्र दिसलं म्हणून हात जोडू नका, आत काय चाललंय ते विचारा. मशीन जिवंत माणसाबद्दल सांगतं ते खरं मानायच्या आधी, ते मेलेल्या माशाबद्दल काय सांगतं ते बघा. आणि कुणाच्याही नादाने औषध बंद करू नका.

बायजाने पदराने डोळे पुसले आणि सुनेच्या खांद्याचा आधार घेऊन उठली. "चल, रिक्षा बोलाव. डॉक्टर ओरडंल मना. ओरडू दे."